शनिवारचे पोहे

इतवारीतल्या आमच्या ऑफिसात दर शनिवारी सगळे मिळून खाली ठेल्यावर तर्री-पोहे खायचो. कंपनीचे मालक बदलले आणि नव्या साहेबांनी ते बंद केलं. तेव्हापासून सगळे तोंडं पाडून बसायचे. एका मीटिंगमध्ये माझी जीभ वळवळली आणि मी बोलून गेलो, "साहेब, पोह्यांशिवाय इथं कोणाचं मन लागत नाही."

साहेब खूश! पुढच्या शनिवारी प्रत्येकाच्या टेबलावर पोह्यांचा डबा आला. जागेवरून उठायचं नाही, फोटो निघेपर्यंत तर्री ओतायची नाही आणि फोटोत हसायचं, असा हुकूम होता. तोवर तर्री गार झाली.

शेजारच्या टेबलावरच्या बाई कुजबुजल्या, "काहून गा, तुले कोणं सांगितलं होतं तोंड उघडाले?"

जेवणाच्या सुट्टीत खिडकीतून पाहिलं, तर बाईंसकट सगळे ठेल्यावर पोहे खात खिदळत होते. मला कोणी बोलावलंच नव्हतं. लोक पुन्हा हसले म्हणून खूश व्हावं की रुसून बसावं, काही कळेना.

तेवढ्यात मागून साहेबांनी विचारलं, "बाकीचे कुठे गेले?"

मी घाईघाईनं डब्यातल्या गार पोह्यांचा भलामोठा घास तोंडात कोंबला.