गजूभाऊची जीप खाली आली त्याची गोष्ट

गॅरेजच्या शेजारी स्पेअर पार्टचं दुकान टाकलं की दोन गोष्टी आपोआप जमा होतात. हाताला ग्रीस आणि डोक्यात किस्से. ग्रीस रॉकेलनं निघतं. किस्से निघत नाहीत, उलट एकाला हात लावला की चार चिकटून येतात!

माझं दुकान मंगरूळपीरला, हनीफभाईच्या गॅरेजला लागून. मधे पत्र्याची भिंत, तीही अर्धीच. त्यामुळं तिकडं पडलेला पाना आणि दिलेली शिवी, दोन्ही मला ऐकू येतात. गेल्या हिवाळ्यात एका जीपनं एवढे किस्से दिले की आमच्या चहाला वर्षभर दुसरा विषय लागला नाही.

जीप गजूभाऊची. म्हणजे मूळ त्याच्या वडिलांची, लष्कराच्या लिलावातून घेतलेली, उघडी, वयानं माझ्यापेक्षा मोठी. वडील गेले आणि गजूभाऊनं हौस केली. चाकांवर जाड पाटे टाकून गाडी उंच करून घेतली, वर ट्रॅक्टरला शोभतील असे टायर चढवले. तीन वर्षं खेड्यातून मंगरूळला असा यायचा की खालून आम्हाला त्याच्या चपलाच दिसायच्या.

तोच एक दिवस येऊन म्हणाला, "हनीफभाई, गाडी खाली करा."

हनीफभाईनं जॅक सोडून वर पाहिलं. "काहून? कोनी पडलं काय वरून?"

"पडलं नाही," गजूभाऊ म्हणाला. "कोनी चढतच नाही."

*

हे 'कोनी' म्हणजे त्याची आई, रुक्माबाई. माहेर अनसिंगचं. नवरा होता तोवर याच जीपमधून दर सणाला माहेरी, पोहरादेवीच्या जत्रेला, केस उडू नयेत म्हणून पदर दातात धरून जायची. गाडी उंच झाली आणि बाई एसटीनं जायला लागली. "जीपमंदी वारा लागते," म्हणायची. गजूभाऊनं तीन वर्षं ते खरं मानलं.

मग दिवाळीत त्यानं पाहिलं. आईनं जीपचा दांडा धरला, पाय उचलला, अर्ध्यात थांबवला, खाली ठेवला आणि म्हणाली, "तू जा बाप्पा, मले काम आठवलं."

"काम काही नव्हतं," गजूभाऊ आम्हाला सांगत होता, आणि एवढा मोठा माणूस रडायच्या बेतात आलेला. मी उगाच नटबोल्टचा डबा उघडून बघायला लागलो.

देशमुख सर म्हणजे आमच्या चहाचे कायमचे सभासद, गणिताचे निवृत्त मास्तर. ते म्हणाले, "त्यात काय, स्टूल ठेव."

"ठेवला होता. म्हने, मी काय लोकाच्या दारात स्टूल घेऊन फिरू?"

हनीफभाईनं दुसरा उपाय केला. बाजूला लोखंडी पायरी वेल्डिंग करून दिली, रंगवून, रबर लावून. दुसऱ्या दिवशी गजूभाऊ पायरी काढायला हजर!

"काय म्हने माय?"

"म्हने, हे दवाखान्याची गाडी वाटते. मी बिमार हाओ काय?"

*

मग हनीफभाईला सगळ्यात सोपं वाटलं ते त्यानं सांगितलं. "जुने पाटे घेऊन ये. होते तसे बसवून देतो, गाडी होती तशी होते."

ज्यांना गाड्यांतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाटे म्हणजे चाकावर कमानीसारख्या, एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. गाडीचा सगळा भार त्यांच्यावर. आणि त्या पोलादासारखं पोलाद शेतीच्या अवजाराला दुसरं नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. जुना पाटा कुणाच्या अंगणात आठ दिवस पडून राहत नाही.

गजूभाऊ दोन दिवसांनी पिशवी घेऊन आला. पिशवीतून काढले तीन विळे, एक कुऱ्हाड आणि एक खुरपं.

"हे काय?"

"पाटे."

लोहारानं सगळ्या पाट्यांची अवजारं करून दिली होती, ती भाऊबंदांत वाटलीही गेली होती. गजूभाऊनं घरोघर फिरून जमतील तेवढी गोळा केली होती.

"बाकीचे?"

"दोनाच्या पासी झाल्या, वखराच्या पात्या. त्या वावरात चालू आहेत."

हनीफभाईनं विळ्याची धार अंगठ्यावर पाहिली आणि म्हणाला, "गाडी तं नाही होत याची. पन पोलाद चांगलं होतं!"

*

म्हणजे आता आहेत तेच पाटे कमी करायचे, ठोकून त्यांची कमान सपाट करायची. पण किती? हनीफभाईला माप पाहिजे होतं. आईला विचारायची तर गजूभाऊची हिंमत नव्हती, तिला कळलं असतं तर जीपकडं फिरकलीच नसती. मग तो घरच्या ओट्याचं माप घेऊन आला, कारण ओटा ती दिवसातून पन्नास वेळा चढते.

"एक हात अन् चार बोटं!"

हनीफभाईनं आपला हात जमिनीवर उभा धरला. बुटका माणूस, हात बेताचा. गजूभाऊ सहा फुटी.

"कोनाचा हात?"

"माह्या."

"मंग हात इथीच ठेवून जा," हनीफभाई म्हणाला, "काम झालं की घेऊन जाजो."

देशमुख सरांनी खिशातून टेप काढून दिला. तो घेतला कुणीच नाही.

*

शुक्रवारी पुढची बाजू झाली आणि हनीफभाई नमाजला गेला. मागची बाजू तशीच उंच. "तवर बाजारातून येतो," म्हणत गजूभाऊ जीप घेऊन निघाला. नाक जमिनीला, शेपूट आभाळात. सीटवरून घसरू नये म्हणून त्यानं पाय पुढं रोवले होते.

बाजाराच्या कोपऱ्यावर एक म्हातारबाबा काठी टेकून उभे होते. जीप नेमकी त्यांच्यासमोर येऊन वाकल्यासारखी थांबली. बाबांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, काठी काखेत घेतली आणि बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "सुखी राय, बाप्पा!"

*

मागच्या बाजूला मात्र हनीफभाईनं आपली पद्धत लावली. त्याचं एक तत्त्व आहे. "रिकामी गाडी कधी मापायची नाही. रिकामी गाडी खोटं बोलते." आमच्याकडं ते बरोबरच आहे म्हणा, कारण आमच्याकडं गाडी रिकामी फिरत नाही. म्हणून अडत्याकडून सोयाबीनचे सहा कट्टे, म्हणजे भरलेली पोती, आणून मागं टाकले. पाटे ठोकले, बसवले, आवळले. पुढून मागून गाडी एका ओळीत. ओट्याएवढी!

हनीफभाईनं सगळ्यांना चहा पाजला. गजूभाऊनं आईला फोन लावायला काढलासुद्धा.

मग अडत्याचा हमाल कट्टे न्यायला आला. पहिला कट्टा उतरला, गाडी जरा वर आली. दुसरा, तिसरा, आणखी वर. सहावा उतरेपर्यंत गजूभाऊनं फोन खिशात ठेवला होता.

मग देशमुख सर म्हणाले, "हरकत नाही. रुक्माबाईसोबत सहा कट्टे माहेरी न्या. अनसिंगचे लोक खूश होतीन!"

*

पुन्हा पाटे उतरले. या वेळी रिकाम्या गाडीचं माप घेतलं आणि रागाच्या भरात एक पाटा जास्तच काढला. गजूभाऊ गावात शिरला तो थेट घरासमोरच्या ब्रेकरवर. पुढची चाकं पलीकडं, मागची अलीकडं आणि पोट ब्रेकरवर! जीप ना पुढं, ना मागं.

आता हा ब्रेकर काही साधा नाही. गजूभाऊ ग्रामपंचायतीत असताना त्यानंच भांडून तो उंच करून घेतला होता. घरासमोरून पोरं गाड्या पळवतात म्हणून.

जीपभोवती अर्धं गाव गोळा झालं. ढकलायला कुणी हात लावेना. शेवटी एक जण म्हणाला, "भाऊ, ढकलतो. पन आधी सांगा, ठराव कोनाचा होता?"

*

एक पाटा परत टाकला. आता जीप ब्रेकरवरून सुखरूप जायची, पण ओट्यापेक्षा चार बोटं उंच राहिली. हनीफभाई खाली झोपून बघत होता, सर वरून बघत होते, मी भिंतीवरून. ती चार बोटं कुठं आहेत ते तिघांनाही दिसत होतं. ट्रॅक्टरला शोभतील अशा त्या टायरांत. बारके टायर लावले तर ब्रेकर पुन्हा पोटाला लागणार हेही दिसत होतं. पण बोलायचं कुणी?

गजूभाऊच बोलला. "टायरले हात नाही लावायचा हं. बाकी काही करा."

"नाही लावत," हनीफभाई खालूनच म्हणाला. "मंग मायच्या पायाले चार बोटं जोडून आन."

गजूभाऊ तडक निघून गेला. आम्हाला वाटलं, रुसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला तो वडिलांच्या वेळचे, बारके टायर घेऊन. गोठ्याच्या छपरावर पत्रा उडू नये म्हणून ठेवले होते, तिथून काढून आणले. आणि मंगरूळचा निम्मा बाजार बघत असताना स्वतःच पाना घेऊन बसला, एकेक नट सोडत. मला तो माणूस त्याआधी फारसा आवडायचा नाही, खरं सांगतो. त्या दिवशी फार आवडला.

"अन् घरापुढचा ब्रेकर?" मी विचारलं.

"काल फोडला," तो म्हणाला. "लोखंडी सबल घेऊन."

*

रुक्माबाईला काही न सांगता गॅरेजवर आणायचं ठरलं. "हनीफभाईच्या चहाले चाल," एवढंच सांगून गजूभाऊनं तिला एसटीनं आणलं. अंगावर नवं लुगडं नाही, हातात पिशवी. आम्ही तिघं आपापल्या कामात असल्यासारखे उभे. मी तर तोच नटबोल्टचा डबा पाचव्यांदा पुसत होतो.

बाईनं जीप पाहिली. टायर पाहिले. पोराकडं पाहिलं.

मग पिशवी सीटवर ठेवली, दांडा धरला आणि पाय उचलला. सरांनी श्वास धरला असावा, कारण त्यांचा नेहमीचा खोकला बंद होता. पाय वर गेला, टेकला आणि बाई आत! कुणाचा हात नाही, स्टूल नाही. पदर सारखा करून सीटवर बसली.

गजूभाऊनं तोंड दुसरीकडं फिरवलं. हनीफभाईनं हात वर करून "या अल्ला" म्हटलं. मी डबा खाली ठेवला.

तेवढ्यात बाई उतरली.

पण ती परत वळली, दांडा धरला आणि चढली. बसली. पुन्हा उतरली, पुन्हा चढली. चौथ्यांदा उतरली तेव्हा हनीफभाईला राहवेना. घाबऱ्या घाबऱ्या पुढं झाला.

"माय, काही कमीजास्त राह्यलं काय? सांगा, आत्ता करतो."

रुक्माबाईनं दांडा पुन्हा हातात घेतला.

"नाही रे बाप्पा, तुहं काही नाही राह्यलं. माहं तीन वर्सांचं राह्यलं नं. चढून घेऊ दे."