खळ्यावरून ऐकलेली कॉमेंट्री

शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात टेनिस बॉलच्या स्पर्धांची कॉमेंट्री मी बरीच वर्षं गाजवली. फुशारकी म्हणा हवं तर, पण कसाऱ्यापासून टोकावड्यापर्यंतची मंडळं आधी मला विचारायची आणि मग स्पर्धेची तारीख धरायची. अशा माणसाच्या हातातून पहिल्याच दिवशी भर मैदानात माईक काढून घेतला होता, हे सांगितलं की आजची पोरं हसतात. हसा लेको!

नव्वदीतली गोष्ट, मी कॉलेजात होतो. भातकापणी उरकली की आमच्या गावात एखाद्या मोठ्या शेतातली धसकटं उपटायची, पाणी मारायचं, शेणानं सारवायचं, की झालं पिच. मोहाच्या झाडाला कर्णा बांधायचा. शेजारच्या वालाच्या शेतात चेंडू गेला तर दोन रन, वर मालकाच्या शिव्या फुकट. कॉमेंट्रीला बाहेरगावचे एक मास्तर यायचे. त्या वर्षी ते सकाळी पोचलेच नाहीत. मंडळाचा अध्यक्ष माझा चुलता. काकाने इकडेतिकडे पाहिलं आणि माईक माझ्या हातात दिला. मी कधीचा टपूनच बसलो होतो.

मग काय विचारता! वक्तृत्व स्पर्धेसाठी पाठ केलेले सगळे शब्द मी बाहेर काढले. "निळ्याशार नभाला आव्हान देत, वाऱ्याशी झुंजत निघालेला हा चेंडू..." माझा चेंडू अजून नभातच असायचा आणि मैदानात पुढचे दोन टाकून झालेले असायचे. मला वाटत होतं, लोक गुंग झालेत. पहिली मॅच संपायला आणि मास्तर यायला एकच गाठ पडली. काकाने माईक घेतला आणि तो चालू असतानाच म्हणाला, "बस झाला रे. आता जरा मॅच होऊ दे."

कर्ण्यातून ते अख्ख्या गावाला ऐकू गेलं. मैदानात हशा पिकला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जेवणाकडे पाठ फिरवली आणि निघालो तो थेट खळ्यावर.

आमची झोडणी अजून बाकी होती. आई आणि काकी, म्हणजे त्याच अध्यक्षाची बायको, भारे झोडत होत्या. खळं टेकाडामागे. तिथून मैदान दिसत नाही, पण कर्ण्याचा आवाज खणखणीत येतो. म्हटलं, या दोघी तरी कौतुक करतील. काकीने मला पाहिलं आणि हातातला भारा खाली ठेवला.

"काय रे, आमचा पोऱ्या कती रन करून आउट झाला?"

काकीचा मुलगा सलामीला खेळायचा.

"म्हणजे? मी सांगितला नाय?"

"तू आभाळाचा सांगत व्हतास. पोऱ्याचा काय पन नाय सांगितलास. जिकलो का हरलो, ता पन नाय."

मी उखडलोच. "तुला क्रिकेटमधला काय कळतंय गो?"

"मैदानातल्यांना दिसतो रे. आमाला नाय दिसत. म्हणून तर आमी कान देऊन ऐकत व्हतो."

आईने एक भारा माझ्या हातात दिला. मी झोडायला लागलो, रागारागानेच. तिकडे मास्तरांची कॉमेंट्री चालू झाली. आवाज घोगरा, शब्द साधे. चेंडू कुठे गेला, कोण धावलं, किती झाले, किती हवेत. हात चालू होते आणि मला टेकाडापलीकडचं मैदान कळत होतं. मास्तर माझ्यापेक्षा चांगले आहेत, हे स्वतःशी कबूल करायला मला बरेच भारे झोडावे लागले.

संध्याकाळी काकाकडे गेलो. नाक मुठीत धरून नाही हं, ताठ मानेनेच. म्हटलं, "माझा काय चुकला ते सांग, पण हसू नको." तो आधी पोटभर हसला आणि मग म्हणाला, "आदी रन सांग, मंग तुझा आभाळ. आनी मधी दम घे." दुसऱ्या दिवशी मी मास्तरांच्या शेजारी बसलो. षटक संपलं की फक्त धावा सांगायच्या, एवढंच काम. तेवढंच केलं. बांधावरून कुणी ओरडायचं, "अरे मोठ्याने बोल की, जेवला नायस काय?" पहिल्यांदा झोंबलं. मग लक्षात आलं, ज्याला ऐकायचंच नाही तो ओरडेल कशाला? पाणी प्यायच्या निमित्ताने मी खळ्यावर जाऊन काकीलाच विचारून यायचो, कळलं का म्हणून. ती तोंडावर सांगायची. राग यायचा, पण जायचो.

पुढच्या वर्षी फायनलला काकाने माईक दिला आणि दमही दिला, "घसरलास तर परत मागायला येऊ नको." आमचंच गाव फायनलला. शेवटचा चेंडू, तीन रन हवे, समोर काकीचा मुलगा. माझ्या जिभेवर नभ आलं होतं, खोटं कशाला सांगू? गिळलं. "उचलून मारलाय. चेंडू सरळ सीमेकडे. खाली माणूस उभा आहे... झेल! आपण दोन रननी हरलो." रडूच फुटायचं बाकी होतं. पण काही राहिलं नाही सांगायचं.

संध्याकाळी काकाच्या पडवीत सगळे तोंडं पाडून बसलो होतो. काकी दिवसभर झोडणी करून नुकतीच खळ्यावरून आली होती. चुलतभाऊ तिला समजावत होता, चेंडू कसा खालीच राहिला, पिच कसं फुटलं होतं, त्यात त्याची काय चूक. काकीने त्याच्यापुढे चहाचा कप आदळला.

"गप रे! चेंडूला कशाला बोल लावतोस? खाली मानूस उभा, आनी तू उचलून मारलास. मी बघितला ना समदा."