भिंगारदिवे बाईंचा खोकला

भिंगारदिवे बाईंनी माझ्याबद्दलचं पहिलं मत मला नाही, थेट देवाला सांगितलं.

देश स्वतंत्र होऊन सहा-सात वर्षं झाली असतील. मुलुंडला मिठागरांच्या बाजूला एक बैठी चाळ होती, तिथे आम्ही बिऱ्हाड केलं. लग्नाला दोन महिने झालेले. दोन खोल्यांच्या मध्ये भिंत म्हणून जी होती ती नुसत्या फळ्यांची, वरून चुना फासलेली. सामान लावून दिवेलागणीला मी आणि सुमती चहा घेत बसलो होतो. म्हणजे सुमती चहा घेत होती, मी बोलत होतो. तेवढ्यात फळ्यांपलीकडून, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा स्वच्छ आवाज आला.

"हे प्रभू, शेजारी नवीन जोडपं आलंय. मुलगी गुणी दिसते. नवरा सकाळपासून बोलतोय, अजून थांबलेला नाही. तिला सहनशक्ती दे."

मी थांबलो. सुमतीनं कप खाली ठेवला, नाहीतर हसण्यात सांडला असता.

"लगेच पावला की," ती म्हणाली.

सगुणाबाई भिंगारदिवे मूळच्या नगरकडच्या ख्रिस्ती. मुलुंडच्या एका प्राथमिक शाळेत शिकवायच्या. पन्नाशीच्या, उंच, काटक. पांढरं लुगडं आणि कानामागे तांबडी पेन्सिल. ती पेन्सिल रविवारी चर्चला जातानाही तिथेच राहायची. लग्न केलेलं नव्हतं. त्यांच्याकडे कोणी आल्याचं मी पाहिलं नाही. पोस्टमन चाळीत शिरला की त्या दारात येऊन उभ्या राहत आणि तो पुढे गेला की केर काढायला आल्यासारखं करून आत वळत.

रोज संध्याकाळी त्या मोठ्यानं प्रार्थना करत. मी एकदा विचारलं, "देवाला ऐकू कमी येतं का हो, बाई?"

"त्याला सगळं येतं. मी आळशी आहे. मनात म्हटलं की मला डुलकी लागते."

आमच्या दृष्टीनं तो रोजचा खेळच होता, विनातिकीट. दिवसभराच्या चुका त्या देवापुढे वाचून दाखवत. "आज म्हापसेकर काकूंना मी मनात म्हैस म्हणाले. म्हशीचा काय दोष?" या म्हापसेकर काकू चार नंबरमध्ये राहायच्या, मूळच्या मालवणच्या. बाईंनी नळाला हात लावला की त्या तो राखेनं घासून मगच पाणी भरत. सगळी चाळ बघायची आणि गप्प बसायची. त्यात मीही आलो. बाईंनी चार दिवस पाहिलं. पाचव्या दिवसापासून आपलं पाणी भरून झालं की त्या स्वतःच राख घेऊन नळ लखलखीत घासायला लागल्या. काकूंना म्हणाल्या, "तुमचा गुडघा दुखतो. घासायचाच आहे तर मी घासते ना."

महिनाभर हे चाललं. एके सकाळी काकूंनी त्यांच्या हातातली राख काढून घेतली आणि आमच्याकडे बघत म्हणाल्या, "ह्या बायेन माका पुरी गप केल्यान."

असं त्या संध्याकाळच्या प्रार्थनेचं एकेक होतं. शेवटी मात्र ख्रिस्ती लोक सगळे मिळून म्हणतात ती प्रभूची प्रार्थना यायची. रोजच्या भाकरीचं मागणं झालं की बाई थांबायच्या, एकदा खोकायच्या आणि पुढे जायच्या. मग आमेन. मग थोडं थांबून, खालच्या आवाजात, दुसरं आमेन. हे दुसरं कुणाचं, असं सुमतीनं विचारलं तेव्हा म्हणाल्या, "घरातल्यांचं. आई असताना ती मागून म्हणायची. सवय राहिली."

दोन वर्षांत ती प्रार्थना मला खोकल्यासकट पाठ झाली. ऑफिसच्या नाटकात मी काम करायचो, त्यामुळे कुठल्याही पाठ गोष्टीला प्रेक्षक मिळाल्याशिवाय मला चैन पडत नसे. तो योग आला. ऑफिसातल्या साळव्यांच्या मुलाचं लग्न कुर्ल्याच्या एका चर्चमध्ये होतं. मी तिसऱ्या रांगेत. पाळकांनी सगळ्यांना प्रार्थना म्हणायला सांगितली, आणि मी खणखणीत आवाजात सुरू झालो. आजूबाजूची माणसं कौतुकानं बघायला लागली. भाकरी झाली. मी थांबलो, जागच्या जागी नेमका खोकलो आणि पुढची ओळ घेतली. मंडळी मात्र वेगळंच काहीतरी म्हणत होती. मला वाटलं, चुकले बिचारे. मी आवाज आणखी चढवला आणि सगळ्यांच्या आधी, एकटाच, आमेनवर जाऊन पोचलो. नवरीसुद्धा मागे वळून बघत होती.

संध्याकाळी बाईंच्या दारात उभं राहून मी हा प्रसंग साभिनय सादर केला. त्या वह्या तपासत होत्या. शेवटी म्हटलं, "बाई, तुमच्या कुर्ल्याच्या लोकांना कोणीतरी शिकवायला हवं. एक ओळ जास्त म्हणतात."

पेन्सिल थांबली.

"जास्त नाही म्हणत, कर्णिक. मी गाळते."

"का?"

"खरी नाही म्हणून."

त्या ओळीचा अर्थ असा होता की, आम्ही जशी आमच्या अपराध्यांना क्षमा केली आहे, तशी तू आम्हाला कर. बाईंनी मला तो समजावून सांगितला, एखाद्या मुलाला गणित सांगावं तसा. म्हणाल्या, "आधी आपण केल्याचं सांगायचं आणि मग मागायचं. न करता केलं म्हणून सांगणं म्हणजे प्रगतिपुस्तकावर बापाची खोटी सही करणं. त्यासाठी मी मुलांना पट्टी मारते. चर्चमध्ये शंभर आवाजांत माझं मिटलेलं तोंड कोणाला दिसत नाही. घरी दिसतं." आणि त्यांनी हळूच दार लावून घेतलं.

त्या संध्याकाळी फळ्यांपलीकडून आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दोन आठवडे गेले. आमची खोली एवढी गप्प असते हे मला ठाऊकच नव्हतं. मी बोलायला लागलो तरी माझाच आवाज मला परका वाटे.

"तुम्हाला हशा हवा होता ना?" सुमती म्हणाली. "मिळाला?"

शेवटी आमटीची वाटी घेऊन तीच पलीकडे गेली. परत आली तेव्हा आमचा भात गार झाला होता. नऊ वर्षांपूर्वी बाईंची आई गावी वारली. धाकटी बहीण एस्तेर आईजवळ राहायची. तिनं तार केली नाही, पोस्टकार्ड टाकलं. ते पाचव्या दिवशी पोचलं. तोवर माती झालेली. बाईंनी आईसाठी इकडे चष्मा करायला टाकला होता, तो त्याच आठवड्यात तयार झाला. अजून ट्रंकेत होता. त्यानंतर बहिणींनी एकमेकींना एक ओळ लिहिली नव्हती.

"आणि ते कार्ड त्यांनी प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलंय," सुमती हलक्या आवाजात म्हणाली. "आपण असलं पत्र वाचलं की फाडून टाकतो. त्या रोज बघतात."

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, बाई, गाळून म्हणा, पण मोठ्यानं म्हणा. आम्हाला संध्याकाळ जात नाही."

दुसऱ्या दिवशी आवाज आला. भाकरीपर्यंत आला. आम्ही खोकल्याची वाट बघत होतो. त्याऐवजी पलीकडून एकच शब्द आला: "आम्ही." आणि मग खोकला.

आठवडाभर "आम्ही". मग "आम्ही जशी". मी न राहवून विचारलं, तर म्हणाल्या, "जेवढं खरं होईल तेवढं म्हणायचं. सत्तावीसचा पाढा एका दिवसात येतो होय? नळ घासायला सोपा होता हो. काकू माझ्या कोण? इथे रक्ताचं आहे." पुढे "आम्ही जशी आमच्या" इथे गाडी अडली ती महिनाभर हलेना. काही दिवस तर पुन्हा "आम्ही"वर मागे गेली. अशा दिवशी पलीकडे भांडी जरा जोरात आपटायची, आणि दुसरं आमेन येत नसे.

नाताळ आठ-दहा दिवसांवर आला होता. त्या संध्याकाळी त्या "आमच्या"पर्यंत आल्या आणि थांबल्या. सुमतीनं निवडत असलेली मेथी तशीच हातात धरली. मग बाई म्हणाल्या, "एस्तेरला." प्रार्थनेत हा शब्द नाही. पण तो म्हटल्यावर बाकीची सगळी ओळ, न खोकता, एका दमात बाहेर आली. पुढचं सगळं झालं. आमेन झालं. दुसरं आमेन काही येईना. त्या रडत असाव्यात.

सुमतीनं फळीजवळ तोंड नेऊन म्हटलं, "आमेन."

मग पलीकडून, "थँक्यू, सुमती. कर्णिक, तुम्ही पण म्हणायला हरकत नाही. आज घाई करू नका."

नाताळच्या सुट्टीत त्या ट्रंकेतला चष्मा घेऊन गावी गेल्या. परत आल्या तेव्हा मी पहिलाच प्रश्न विचारला, "तार का नाही केली म्हणे?"

"मी विचारलं नाही."

"नऊ वर्षं वाट पाहिलीत आणि विचारलं नाही?"

"विचारून मग केली तर ती क्षमा नाही, कर्णिक. ती चौकशी."

"आणि चष्मा?" सुमतीनं विचारलं.

"एस्तेरला नेमका बसला. तिला सुई ओवता येत नव्हती."

पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या आणि एस्तेरकडे राहायला गेल्या. तांबडी पेन्सिल मला देऊन गेल्या, "स्वतःच्या बोलण्यावर चालवा" म्हणून. खोलीत दुसरं बिऱ्हाड आलं, त्यांच्याकडे रेडिओ होता. तो फळ्यांतून रोज ऐकू येई आणि आमच्याबद्दल त्यात कधी एक अक्षरही नसे.

दोन वर्षांनी एका सोमवारी पोस्टकार्ड आलं. एस्तेरबाईंचं. मागच्या मंगळवारी बाई गेल्या, बुधवारी माती झाली. अक्षर ठळक आणि ओळी सरळ होत्या. चष्मा उपयोगी पडत असावा.

मी खोलीत येरझाऱ्या घालायला लागलो. "पुन्हा पोस्टकार्ड. एक तार करता येत नव्हती? मी रातोरात गेलो असतो. मूठभर माती टाकली असती. लिहून विचारतोच मी तिला."

सुमतीनं हात पुढे केला. "द्या इकडे, फाडते."

मी ते खिशात घातलं.

संध्याकाळी शेजारचा रेडिओ बंद होता. मी फळ्यांसमोर उभा राहिलो आणि बाईंसारखं मोठ्यानं म्हणायला लागलो. कोण ऐकत होतं कोण जाणे. सुमती मात्र मागे बसली होती. भाकरीपर्यंत आवाज चांगला लागला. तिथे मला खोकला आला. अभिनय नव्हता तो.

ओळ गाळून मी शेवटापर्यंत गेलो. सुमती आमेन म्हणाली नाही.

"उद्या एक शब्द," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी "आम्ही" म्हटलं.