पप्पांचा सिंथ लॅपटॉपमध्ये वाजला

मंडळी, संध्याकाळपासून हे कुणाला तरी सांगायचं होतं.

माझे पप्पा आमच्या लिंबायत वस्तीतल्या एका ऑर्केस्ट्रात सिंथेसायझर वाजवायचे. एरवी कापडाच्या लूमवर काम, लग्नसराईत स्टेजवर. मग घरात पुराचं पाणी शिरलं आणि सिंथ वाहून गेला. त्यानंतर त्यांनी कुठल्याच वाद्याला हात लावला नाही.

आज मी त्याच जुन्या मॉडेलचे हुबेहूब आवाज देणारा प्लगिन लॅपटॉपवर टाकला, छोटा कीबोर्ड जोडला आणि पप्पांसमोर ठेवला.

"हे खेळणं मी काय करू?" म्हणाले. तरी एक पट्टी दाबली. मग दुसरी. तो जुना व्हायोलिनचा आवाज खोलीभर पसरला, तशी मम्मी गॅस बंद करून बाहेर आली.

पप्पांनी धुळ्याला परत गेलेल्या त्यांच्या गायक मित्राला, अशोककाकांना, फोन लावला. स्पीकर चालू केला आणि वाजवत राहिले.

पलीकडून काका ओरडलेच, "भो, आपला सिंथ सापडी गया का? कोठे व्हता?"

मला वाटलं, पप्पा आता लॅपटॉपचं सांगतील. ते डोळे पुसत म्हणाले, "घरमाच व्हता रे."

तुमच्या घरातला कोणता आवाज तुम्हाला पुन्हा ऐकावासा वाटतो?