पॉझच्या बटणावरचा अंगठा

डेल्मर रुसेकच्या तळघरात सहाशे बारा कॅसेटी होत्या, आणि त्यातली एकही तो बघत नसे.

बाहेरची माणसं हे ऐकून हसतात. आमच्यात कोणी हसत नाही. कॅसेट दर वेळी मशीनमधून फिरली की थोडी झिजते. म्हणून जुनी कार्टूनं जमवणारा माणूस मूळ कॅसेट एकदाच भरतो, पाठीवर चिठ्ठी चिकटवतो, कपाटात उभी करतो आणि विसरतो. बघावंसं वाटलंच तर तिची नक्कल बघायची. डेल्मर नक्कलही बघत नसे. त्याची बायको बर्नाडीन येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमच्याकडे गोठा भरलाय, पण धार काढायची नाही. गाईला त्रास होतो म्हणे."

टोलेडोच्या काच कारखान्यात डेल्मरने एकतीस वर्षं मोटारींच्या काचांना पॉलिश केलं. काचेवरचा केसाएवढा ओरखडा त्याला तीन हातांवरून दिसायचा. तीच नजर त्याने कार्टूनांना लावली. मी तेव्हा व्हीसीआर दुरुस्त करायचो. त्याच्या चारही मशीन माझ्याकडे येत, आणि प्रत्येकीबरोबर तक्रारींचा लिहिलेला कागद.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी लायब्ररीच्या तळघरात आम्ही पंधरा-वीस जण जमायचो. प्रत्येकाकडे टाइप केलेली यादी असे. कार्टूनाचं नाव, साल, आणि पुढे एक शब्द: 'पूर्ण' किंवा 'कापलेलं'. टीव्हीवाले मारामारीचे, दारूचे तुकडे काढून टाकत, म्हणून हा शब्द महत्त्वाचा. अदलाबदल सगळी त्या एका शब्दावर चालायची. कोणी खोटं 'पूर्ण' लिहिलं की त्याच्या टेबलाकडे पुन्हा कोणी फिरकत नसे. डेल्मरचा शब्द मात्र कोणी तपासतही नसे.

त्याच्या यादीतला मानाचा ऐवज म्हणजे दीपगृह सांभाळणाऱ्या बोकडाची अकरा कार्टूनं. न्यूयॉर्कच्या एका लहानशा स्टुडिओने ती चाळीसच्या दशकात काढली आणि मग तो स्टुडिओ बुडाला. १९८० साली आमच्याकडचं एक छोटं चॅनेल ती सकाळी सहाला दाखवायचं. पुढे चॅनेल बंद पडलं आणि रिळं कचऱ्यात गेली. बाजारात जी मिळत ती नंतर पुन्हा काढलेली, सुरुवातीची पाटी बदललेली. चित्रं काढणाऱ्यांची नावं उडवून मालकाने तिथे एकट्याचं नाव ठोकलं होतं. मूळची होती फक्त डेल्मरकडे.

२००७ च्या मार्चमध्ये त्याला पिट्सबर्गहून पत्र आलं. रोझलिंड प्रेसलर नावाच्या बहात्तर वर्षांच्या बाईंचं. त्यांचे वडील हायमन त्या स्टुडिओत चित्रकार होते. रोझलिंड सहा वर्षांच्या असताना वडिलांनी त्यांना थिएटरात नेलं होतं, आणि पाटी आली तेव्हा उचलून खांद्यावर घेऊन म्हणाले होते, "तो बघ मी." बाईंना तेवढंच आठवत होतं. पुढे वडील गेले. चुलतभाऊ आर्थर म्हणू लागला, हायमनकाका तिथे शाईच्या बाटल्या भरायचे, चित्रंबित्रं काही नाही. स्टुडिओवर पुस्तक लिहिणाऱ्या प्राध्यापकानेही पुराव्याअभावी त्यांचं नाव घेतलं नव्हतं. बाईंनी लिहिलं होतं, 'माझी आठवण खरी आहे की मी ती रचली, हे मला आता कळेनासं झालंय. तुमच्या यादीत १९४१ चं पहिलं कार्टून पूर्ण असल्याचं समजलं. एकदा दाखवाल का?'

डेल्मरने त्याच दिवशी उत्तर टाकलं. 'या. तुमच्या वडिलांचं नाव माझ्याकडे आहे.'

मग तो मला म्हणाला, "ती कॅसेट कॉम्प्युटरवर उतरव. एकदाच फिरव, हळू हात लाव."

मी फिरवली. कार्टून सुरू झालं ते थेट बोकड दिव्यात तेल घालताना. मी टेप मागे घेतली. त्याआधी काहीच नव्हतं. दुसरं कार्टून लावलं, तेही तसंच. अकराच्या अकरा.

डेल्मर खुर्चीत बसून स्वतःच्या उजव्या अंगठ्याकडे बघत होता.

"मी कापलं," तो म्हणाला. "कॅसेट तेव्हा महाग होती रे. वायरचा रिमोट हातात धरून बसायचो. जाहिरात आली की पॉझ. पाटी आली की पॉझ. दर कार्टूनामागे मिनिट वाचायचं, कॅसेटभर मिळून दोन कार्टूनं जास्त बसायची. सांधा कुठे दिसतो का बघ. नाही दिसणार. आख्ख्या राज्यात असा अंगठा नव्हता कोणाचा."

"मग 'पूर्ण' कसं लिहिलंस?"

"कार्टून पूर्णच आहे की. पाटी कोण बघतं, असं वाटायचं. आम्हाला सगळ्यांनाच वाटायचं."

आमच्यातला ऑरिन तिथेच होता. कारखान्यापासूनचा त्याचा दोस्त. तो म्हणाला, "एवढं काय सुतक पाळतोस? हा पोरगा कॉम्प्युटरवाला आहे. करेल एक पाटी."

"खोटी?"

"नाव खरंच आहे ना तिच्या बापाचं? मग खोटं काय त्यात? म्हातारी बाई बघेल, डोळे पुसेल, घरी जाईल. की बसमधून उतरल्या उतरल्या सांगणार आहेस तिला, बाई, तुझा बाप मी पॉझ केला म्हणून?"

डेल्मर माझ्याकडे न बघता म्हणाला, "होईल का?"

नाही म्हणायला हवं होतं. पण ते जमवण्यातली गंमत मला आधीच दिसायला लागली होती. कार्टूनातल्याच समुद्राचं चित्र मी मागे घेतलं, त्या काळच्या वळणाची पांढरी अक्षरं बसवली, चार नावं घातली, त्यात हायमन प्रेसलर दुसरं. जुन्या फिल्मची थरथर दिली, वर ओरखडे पाडले. एका दुपारचं काम. डेल्मरने पाहिलं आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "सांधा दिसत नाही."

शनिवारी सकाळी अकराला बाई आल्या. ठेंगण्या, निळा कोट, पर्स पोटाशी धरलेली. बर्नाडीनने करंजीसारखे कोबीचे पिरोगी तळले होते. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"आधी खाऊन घ्या हो," ती म्हणाली.

"आधी बघते," बाई म्हणाल्या. "सहासष्ट वर्षं उपाशी आहे, आणखी दहा मिनिटांनी मरणार नाही."

मी लावलं. पाटी चार सेकंद राहते. बाई उठून उभ्या राहिल्या. बोकडाने दिवा लावला, पाय घसरून तो पिंपात पडला, तरी त्या उभ्याच होत्या.

"परत लावा."

तीनदा लावलं. तिसऱ्या वेळी त्यांनी पडद्याच्या काचेवर बोट ठेवलं. मग पर्समधून रुमाल काढला आणि हसत म्हणाल्या, "शाईच्या बाटल्या म्हणे! डेल्मर, मला याच्या दोन प्रती द्या. एक त्या प्राध्यापकांना. त्यांचं पुस्तक छापायला जायचंय, त्यात हे चित्र घालायला लावते. आणि एक आर्थरला. त्याच्या वाढदिवसाला देते, मेल्याला."

ऑरिन भराभर म्हणाला, "देऊ की, देऊ की."

डेल्मर मात्र उभा राहिला. यादीतला एक खोटा शब्द आता छापील पुस्तकात जाणार होता. मी त्याला अठरा वर्षं ओळखत होतो, पण असा चेहरा पाहिला नव्हता.

"बाई, ती पाटी आम्ही केली," तो म्हणाला. "गेल्या आठवड्यात. मूळची मीच भरताना गाळली. मला आठवत नव्हतं. पत्र लिहिलं तेव्हा खरंच आठवत नव्हतं. नंतर कळलं, तरी हे केलं."

"डेल्मर, काय रे हे?" बर्नाडीन म्हणाली. तिच्या हातातली बशी हातातच राहिली.

बाई सावकाश खाली बसल्या. मला वाटलं, ओरडतील. त्यांनी डोळे मिटले आणि कितीतरी वेळ उघडलेच नाहीत.

"मी आठवून बघतेय," शेवटी त्या म्हणाल्या. "बाबांच्या खांद्यावरून दिसलेली पाटी. तिच्यात समुद्र होता का? अक्षरं पांढरी होती? आता तुमचीच दिसते. डोळे मिटले की तुमचीच." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "छान केलीस रे. फार छान केलीस."

पिरोगी कोणी खाल्ले नाहीत. मी त्यांना बसपर्यंत सोडलं. रस्ताभर त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

डेल्मरने ती पाटी माझ्याकडून पुसून घेतली. एप्रिलच्या सभेत त्याने नवी यादी वाटली. सहाशे बारा कॅसेटींतली जी जी त्याने अंगठ्याने भरली होती, तिच्यापुढे लिहिलं होतं: 'नावं नाहीत. मी गाळली.' ऑरिन म्हणाला, "स्वतःच्या हाताने दुकान बंद केलंस." झालंही तसंच. पुढच्या महिन्यात डेल्मरच्या टेबलापाशी दोघेच थांबले, तेही चौकशीला.

त्यानंतर तो दुसऱ्याच शोधाच्या मागे लागला. १९८० साली ते चॅनेल लावून, मशीन तशीच चालू सोडून आंघोळीला गेलेला एखादा आळशी माणूस त्याला हवा होता. जाहिराती, बातम्या, पाटी, सगळं भरून ठेवणारा. तो वर्तमानपत्रांत चार ओळींची जाहिरात द्यायचा, जुन्या वस्तूंच्या विक्रीला दारोदार जायचा, चिठ्ठी नसलेल्या कॅसेटी खोक्यांनी आणायचा आणि सकाळपासून बसून बघायचा. सगळ्या, पहिल्या सेकंदापासून. लोकांची लग्नं, फुटबॉल, हवामान. पॉझला हात न लावता.

बाईंना त्याने हे कळवलं. त्यांचं कार्ड आलं, दोन ओळींचं. 'सापडली तर पाठवा. नाही सापडली तर काही पाठवू नका.'

डेल्मरने आजवर काही पाठवलेलं नाही.