चालू झालं कशानं

अक्कलकोट रोडवरच्या आमच्या टॉवेलच्या कारखान्यात कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला सर्व्हरसाठी बोलावलं होतं. सर्व्हर सुरू होता, वायरीपाशी हिरवा दिवाही लुकलुकत होता, पण ऑफिसातल्या एकाही कॉम्प्युटरवर काही उघडत नव्हतं. बिलं निघेनात आणि भरलेला ट्रक दारात उभा.

दुधनीकडचा माणूस. वायर काढायचा, टोक शर्टाला पुसायचा, परत खोचायचा आणि ‘टक्’ ऐकायला कान जवळ न्यायचा. वायर बदलून पाहिली, जागा बदलून पाहिली. शेवटी वैतागून जुनीच वायर जुन्याच जागी खोचली, आणि सगळं चालू झालं.

ट्रक गेला. तो मात्र फरशीवरून उठेना.

“अहो, झालं की काम,” मी म्हणालो.

“झालं वो साहेब, पण कशानं? मी तर काईच केलं न्हाय.”

चहा गार झाला तरी तो दिव्याकडेच बघत होता.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. “चालू हाय का?”

“हो, मस्त चालू आहे.”

“अजून?” त्याचा आवाज पडला.

आता रोज ऑफिसात आलो की मी आधी तो हिरवा दिवा बघतो. लुकलुकत असतो. तरी जिवाला बरं वाटत नाही.