मुनशीजींची आठ वर्षं

मी कुलसचिव म्हणून निवृत्त झालो तेव्हा निरोपाच्या समारंभात एकामागून एक सातजण बोलले आणि सातही जणांनी फिरून फिरून एकच गोष्ट सांगितली: साहेब न वाचता सही करत नाहीत. एकजण तर म्हणाला की साहेब भज्याच्या पुड्याचा कागदसुद्धा आधी वाचतात आणि मग पुडा सोडतात. लोक हसले, मीही हसलो. अंगावर शाल, मांडीवर नारळ, आणि आतून वाटत होतं की उठावं आणि सांगून टाकावं, बाबांनो, ही सवय मला कशी लागली हे कळलं तर तुम्ही शाल काढून घ्याल. पण उठलो नाही. गप्प बसण्याची माझी सवय वाचण्याच्या सवयीपेक्षा जुनी आहे.

हैदराबाद संस्थान विलीन होऊन सात-आठ वर्षं झाली होती आणि परभणीत एक नवं कॉलेज निघालं होतं. मी पाथरीजवळच्या खेड्यातला, शेतकऱ्याचा मुलगा. निजामाच्या काळातली शाळा, त्यामुळे मॅट्रिकपर्यंत सगळं उर्दूत. घरी मराठी, शाळेत उर्दू आणि अर्जापुरती इंग्रजी, एवढ्या भांडवलावर मी त्या कॉलेजच्या ऑफिसात कनिष्ठ कारकून म्हणून चिकटलो.

तिथले हेडक्लार्क म्हणजे मुनशीजी. जुन्या राजवटीच्या शिक्षण खात्यातून आलेले, चैत्राच्या उन्हातही शेरवानीची गळ्यापर्यंत सगळी बटणं लावणारे. पोलीस अ‍ॅक्शननंतर त्यांचे भाऊबंद हैदराबादला गेले, काही त्याहून लांब गेले. हे राहिले. का राहिलात विचारलं की म्हणायचे, "दफ्तर यहाँ है, मैं कहाँ जाऊँ?" ते हसून सांगत, पण ते खरंच होतं. बाई नसलेलं घर, शिकणाऱ्या दोन मुली आणि दफ्तर, याखेरीज त्यांचं जगात काही नव्हतं.

मला ते 'छोटे मुनशी' म्हणत. फाईल कशी शिवायची, समास किती सोडायचा, वरिष्ठाला नकार द्यायचा तर शेऱ्यात कसा गोड लिहायचा, हे सगळं मी त्यांच्याकडून शिकलो. पुढे आयुष्यभर लोक ज्याला माझं प्रशासन म्हणत राहिले ते त्यांचंच होतं. त्यांची दोन वाक्यं मला पाठ होती. एक, "जो फाइल में नहीं, वो दुनिया में नहीं." आणि दुसरं, "अपनी किताब अपने हाथ से कभी नहीं लिखना, छोटे मुनशी. आदमी अपने मामले में ईमानदार रहताच नहीं." किताब म्हणजे सेवापुस्तक, ज्यात नोकराची जन्मतारीख, नेमणूक, रजा, सगळं असतं. मुनशीजी स्वतःच्या सेवापुस्तकाला हातही लावत नसत. कपाट आवरतानासुद्धा ते पुस्तक दुसऱ्याला उचलायला लावत.

मग मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि वरून हुकूम आला की उर्दूतली सगळी सेवापुस्तकं इंग्रजीत नव्यानं लिहून काढा. आमचे प्रिन्सिपॉल पुण्याकडचे. माणूस सरळ, पण उर्दूला ते 'उलटी लिपी' म्हणत आणि तो कागद समोर आला की चष्मा काढून ठेवत. मुनशीजींनी काम माझ्याकडे दिलं, म्हणाले, तुझं अक्षर चांगलं आहे. तीसेक पुस्तकं होती आणि त्यांत त्यांचंही होतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. निजामाच्या राज्यात सरकारी कागदावर फसली सन चालायचा, पीकपाण्याच्या हिशेबानं धरलेला. मशिदीत आणि सणावाराला हिजरी सन. दोन्हींचे आकडे दिसायला सारखेच, पण तोच आकडा फसली धरला तर एक इसवी साल येतं आणि हिजरी धरला तर त्याच्या आठ-नऊ वर्षं आधीचं. दफ्तरात हिजरी कधीच लिहीत नसत, म्हणून फसली हा शब्दही कुणी लिहीत नसे. जे सगळ्यांना ठाऊक आहे ते कशाला लिहायचं?

माझ्यासमोर एक जंत्री होती, तिच्यात इसवी, फसली, हिजरी अशी शेजारी-शेजारी घरं. आकडा शोधायचा, बोट सरकवायचं, इसवी साल उतरवायचं. देशपांडे-कुलकर्ण्यांची, पाटलांची, शिपायांची पुस्तकं मी अशी झरझर केली, सगळी फसलीवरून. मुनशीजींचं पुस्तक उघडलं आणि बोट आपोआप हिजरीच्या घरात गेलं. मुसलमान माणूस, म्हणजे हिजरी. विचार केला असंही म्हणता येणार नाही, कारण विचार केला असता तर बोट तिथे गेलंच नसतं. अठ्ठेचाळीस वर्षांचे मुनशीजी माझ्या लेखणीतून छप्पन्न वर्षांचे होऊन उतरले. त्यावेळी निवृत्ती पंचावन्नला होती.

ज्याचं पुस्तक त्यानं नवी नोंद वाचून खाली सही करायची, असा नियम. मी पुस्तक त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी मान दुसरीकडे वळवली आणि फक्त सहीची जागा विचारली. मी म्हटलं, वाचा तरी. तर म्हणाले, "तुम लिखे ना? बस, मैं पढ़ लिया समझो."

इथपर्यंत ती चूक होती, आणि चुकीसाठी माणूस आयुष्यभर जळत नाही.

चारच दिवसांनी मला ती सापडली. त्याच पुस्तकात त्यांची नोकरीला लागल्याची तारीख होती आणि तिचं साल मी, सवयीनं, फसलीवरून काढलं होतं. म्हणजे माझ्या लेखी ते सव्विसाव्या वर्षी नोकरीला लागले होते. ते तर अठराव्या वर्षी लागले होते. ओठावर मिसरूड नव्हती म्हणून पहिल्या दिवशी साहेबानं परत पाठवलं होतं, ही गोष्ट त्यांनी मला दहा वेळा सांगितली होती. आत जाऊन 'साहेब, एक चूक झाली' एवढं म्हणायचं होतं. पण मी आत जायच्या आधी प्रिन्सिपॉलांनीच मला बोलावलं.

ते खूश होते. नवी पुस्तकं त्यांनी चाळली होती. म्हणाले, "हेडक्लार्कांचं वय उलटून गेलेलं दिसतंय. कुणाच्या लक्षातच आलं नाही इतके दिवस. ऑफिस आता नव्या पद्धतीनं चालवायला हवं. तुम्ही तरुण आहात, दोन्हीकडच्या भाषा येतात. खुर्ची सांभाळाल?"

मी "हो" म्हणालो. फक्त "हो". चूक सांगायला निघालेला मी बढती घेऊन बाहेर आलो.

त्या रविवारी गावाकडे गेलो आणि न राहवून आईला सांगितलं. ती लगेच शेजारच्या ओट्यावर. "आमचा लय मोठा सायब होनार हाय बाई, कालीजात. समदं दफ्तर त्याच्या हाताखाली येनार हाय म्हनत्यात." तिनं गूळ वाटला. तो मी खाल्ला नाही, असं लिहायला मला आवडलं असतं.

निवृत्तीचं पत्र गेलं तेव्हा मुनशीजींना ते खरंच वाटेना. ते पत्र घेऊन प्रिन्सिपॉलांकडे गेले. मला आत बोलावणं आलं. टेबलावर जुनं उर्दू पुस्तक उघडं होतं.

"साहेब," मुनशीजी म्हणत होते, त्यांच्या त्या जपून टाकलेल्या मराठीत, "आमच्या दफ्तरात हिजरी कधी लिहिलाच जायचा नाही. ह्यांना विचारा. ह्यांना सगळं माहीत आहे. मीच शिकवलं."

प्रिन्सिपॉल माझ्याकडे वळले. "तुम्हाला ही लिपी येते. काय लिहिलंय तेवढं सांगा. फसली लिहिलंय का?"

मी पुस्तकावर वाकलो. खरं तर वाचण्यासारखं काही नव्हतं. म्हणालो, "नुसता आकडा आहे, साहेब. फसली असं शब्दात लिहिलेलं नाही."

त्यातला शब्द न् शब्द खरा होता. बाकीच्या पुस्तकांतही तो शब्द नव्हता आणि ती सगळी मी फसलीच धरली होती, हे मला विचारलं नाही आणि मीही मूग गिळून बसलो. प्रिन्सिपॉल म्हणाले, "मग हिजरीच असणार. यांच्यात तेच चालतं." मी दौतीकडे बघत होतो.

मुनशीजींनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी ओरडावं असं मला वाटत होतं, म्हणजे मलाही रागावता आलं असतं. ते हळूच म्हणाले, "बराबर है. लिखा हुआ नहीं है." आणि टोपी उचलून गेले. गुरूची विद्या गुरूला फळली, असं आपल्याकडे गमतीनं म्हणतात. त्या दिवसापासून ती म्हण माझ्या तोंडून निघालेली नाही.

महिनाअखेर त्यांनी मला कपाटाच्या किल्ल्या दिल्या, कुठल्या कुलपाला जरा वर उचलून फिरवावं लागतं तेही सांगितलं. 'छोटे मुनशी' म्हणाले नाहीत. 'साहब' म्हणाले.

खुर्चीवर मी चांगलं काम केलं. हे फुशारकी म्हणून सांगत नाही, उलट तेच मला टोचतं. वाईट काम केलं असतं तर निदान हिशेब सरळ राहिला असता. प्रिन्सिपॉल माझ्यावर खूश, कर्मचारी खूश, आणि मी प्रत्येक कागद दोनदा वाचू लागलो. लोकांना ती शिस्त वाटली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

वर्ष-दीड वर्षानं कॉलेजात राखणदाराची जागा निघाली. वयाची अट होती. पूर्णेकडच्या गावातला एक मेंढरं राखणारा गडी आला, खांद्यावर घोंगडी, हातात गावच्या जन्मनोंदीचा उर्दू उतारा आणि त्याला जोडलेलं मराठी भाषांतर. भाषांतराचं अक्षर मोठं, गोल, पहिलीच्या पोरासारखं जपून काढलेलं. सालाच्या आकड्यापुढे 'फसली' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

मी विचारलं, हे कुणी लिहून दिलं?

"कचेरीपाशी बसत्यात की मुनशीजी. आमच्याकडचे समदे त्यांच्याकडंच जायलेत. जुनं कागद वाचून देत्यात." मग तो गडी बोट त्या दोन रेघांवर ठेवून म्हणाला, "सायेब, ह्यो शबुद आधी बघा म्हनले. ह्यो नसला की मानूस बसल्या जागी आठ वर्सांनी म्हातारा व्हतोय म्हनले. काई समजलं न्हाई मला, पर बघा म्हनले."

मी त्याचा अर्ज मंजुरीसाठी पुढे पाठवला. मग कपाट उघडून मुनशीजींचं जुनं पुस्तक काढलं, रुमालात बांधलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत कचेरीकडे गेलो.

ते भिंतीलगत पत्र्याच्या सावलीत सतरंजीवर बसले होते. तीच शेरवानी, सगळी बटणं लावलेली. पुढे तीन-चार खेडूत कागद धरून बसलेले. मी रांगेत बसलो. माझी पाळी आली तेव्हा ते म्हणाले, "आइये साहब. किसका कागज़ है?"

"एका जुन्या माणसाचा," एवढंच म्हणालो आणि पुस्तक पुढे केलं. स्वतःच्या पुस्तकाला हात न लावणाऱ्या त्या माणसानं ते हातात घेतलं, ओळखलं, आणि कुणा परक्याचं असावं तसं पहिल्या पानावरून मोठ्यानं वाचलं. मग कोरा कागद घेऊन त्या नव्यानं लिहायला शिकलेल्या मराठीत नोंद उतरवली. आकड्यापुढे 'फसली' लिहिलं. खाली दोन रेघा मारल्या. आणि कागद माझ्याकडे सरकवून बोट ठेवलं.

"घेणाऱ्याची सही लागते, साहब. यहाँ. पढ़ के करना."

मी वाचलं. एकेक अक्षर वाचलं, आणि सही केली. मला माफी मागायची होती, पण मी तोंड उघडेपर्यंत त्यांनी कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली होती आणि पुढच्या माणसाला बोलावलं होतं.

त्यांच्या नोकरीची अजून पाच वर्षं शिल्लक होती. तो कागद फायलीला लावून एक ओळ लिहिली असती तर ते परत त्या खुर्चीत बसले असते. ओळ एवढीच होती: ही चूक माझी, आणि ती मला तेव्हाच कळली होती. मी ती तीनदा लिहिली आणि तीनदा फाडली. मग विद्यापीठात जागा मिळाली, मी परभणी सोडली, चढत गेलो.

जो फाइल में नहीं, वो दुनिया में नहीं. तो कागद अजून माझ्या ट्रंकेत आहे.